डोस दुप्पट, हिमोग्लोबिन तरी खाली: एरिथ्रोपोएटिनला दाद न देणाऱ्या रक्तक्षयाचे एक प्रकरण

५२ वर्षांच्या बाई. जुन्या ग्लोमेरुलोनेफ्रायटिसमुळे (मूत्रपिंडातल्या गाळण्यांचा दाह) दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली, चार वर्षांपासून हिमोडायलिसिस, आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी चार तास. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यानंतरचे वजन, ६० किलो. प्रत्येक डायलिसिसच्या शेवटी एरिथ्रोपोएटिन अल्फा (लाल पेशी बनवायला लावणारे हॉर्मोन) ४,००० युनिट शिरेतून, म्हणजे आठवड्याला १२,०००. एवढ्यावर वर्षभर हिमोग्लोबिन १०.८ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास टिकून होते.

मग चार महिन्यांत ते ९.९, ९.१ असे उतरत ८.४ वर आले. या काळात इंजेक्शन आधी ६,००० आणि मग ८,००० युनिट केले गेले. आठवड्याचा डोस २४,००० युनिट झाला आणि घसरण थांबली नाही. ताप नाही, कुठून रक्त जाताना दिसत नाही, डायलिसिस वेळेवर. बाईंची तक्रार एवढीच की जिन्याच्या पहिल्याच वळणावर धाप लागते आणि डायलिसिसनंतरचा अख्खा दिवस अंथरुणात जातो. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्यांचे नाव होते.

प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. एका व्यक्तीचे केसपेपर इथे उघडलेले नाहीत. आकडे मात्र डायलिसिस युनिटमध्ये नेहमी दिसतात तसेच घेतले आहेत, आणि निर्णयांचा क्रम प्रत्यक्षात असावा तसा आहे.

हॉर्मोनचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते

एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे १६५ अमिनो आम्लांचे प्रथिन असून त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो. या साखळ्यांमुळेच ते रक्तात टिकते. त्या काढल्या तर यकृत ते झपाट्याने गिळून टाकते. प्रौढ माणसात ईपीओ मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. तिथल्या नलिकांच्या आजूबाजूच्या जागेत काही तंतुपेशी असतात, त्या ते बनवतात. गर्भात हे काम यकृताकडे असते आणि पुढेही त्याचा थोडासा वाटा यकृत उचलत राहते.

मूत्रपिंडाला ऑक्सिजनची टंचाई कळते ती एचआयएफ या प्रथिनामुळे. ऑक्सिजन भरपूर असताना एक विकर या प्रथिनावर खूण करते आणि ते मोडीत निघते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, एचआयएफ साठते आणि ईपीओचे जनुक चालू होते. या यंत्रणेच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात ईपीओ शून्य नसते. पुष्कळदा आकडा 'नॉर्मल'च येतो, पण ८.४ हिमोग्लोबिनला तो कितीतरी पट वर असायला हवा होता. म्हणून डायलिसिसच्या रुग्णात रक्तातली ईपीओची पातळी मोजण्याला अर्थ नाही, आणि बाहेरून इंजेक्शन चालू असताना तर मुळीच नाही.

या प्रकरणाची किल्ली पुढच्या गोष्टीत आहे. अस्थिमज्जेतल्या लाल पेशींच्या पूर्वज पेशी एका टप्प्यावर पूर्णपणे ईपीओवर जगतात. ते मिळाले नाही तर त्या आपोआप मरतात, मिळाले तर वाचतात आणि वाढतात. पण हा टप्पा ओलांडलेल्या पेशीला ईपीओची फारशी गरज उरत नाही. तिला हवे असते लोह, आणि तेही लगेच, कारण हिमोग्लोबिन आता भरायचे असते. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे २० हजार कोटी लाल पेशी बनवते आणि त्यासाठी तिला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून येणारे लोह याच्या तुलनेत चिमूटभर. बाकीचे सगळे जुन्या पेशी मोडून परत मिळवलेले असते. ईपीओ दुप्पट केले म्हणजे पहिल्या दारातून दुप्पट पेशी आत घेतल्या. दुसऱ्या दाराशी लोहच नसेल, किंवा मज्जेला दाहाने ग्रासले असेल, तर त्या पेशींचे पुढे काही होत नाही.

घसरण खरी आहे का

पहिला प्रश्न हाच. डायलिसिसच्या रुग्णात हिमोग्लोबिन पाण्याबरोबर हलते. दोन दिवसांच्या मोठ्या अंतरानंतर, वजन साडेतीन-चार किलो वाढलेले असताना घेतलेला नमुना पातळ असतो. या बाईंचा एक आकडा ८.१ होता आणि तो नेमका अशाच दिवशी, ३.८ किलो वाढ असताना घेतलेला निघाला. नमुना आठवड्याच्या मधल्या डायलिसिसच्या आधी, यंत्राला जोडण्यापूर्वी पुन्हा घेतला तेव्हा ८.४ आला. पाण्याचा वाटा फक्त ०.३ चा होता. घसरण खरी होती.

दुसरा प्रश्न, औषध अंगात जाते का. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, कारण त्यात कुणावर तरी संशय घेतल्यासारखे होते. तरी विचारायचाच. कुपी २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. ती गोठलेली नको आणि जोरात हलवलेली नको. प्रथिन एकदा बिघडले की कुपी बाहेरून तशीच स्वच्छ दिसू शकते, पण काम करत नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कुप्या गोठतात, म्हणून तिथले तापमान वेगळे मोजावे. इंजेक्शन डायलिसिसच्या शेवटी फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) नळीतून दिले, तर मागून १० मिलि सलाइनने नळी धुऊन घ्यायची, नाहीतर औषधाचा काही भाग नळीतच राहून कचऱ्यात जातो. आणि डायलिसिस-शीटवरच्या सह्या कुप्यांच्या नोंदवहीशी ताडून पाहायच्या. इथे सगळे जुळले. चार महिन्यांत एकच डोस चुकला होता, तोही बाई लवकर उठून गेल्या त्या दिवशीचा.

रक्त जाते, फुटते की बनतच नाही

रक्तक्षय कोणताही असो, शक्यता या तीनच. त्यांतली कोणती, हे सांगणारी सर्वांत स्वस्त तपासणी रेटिक्युलोसाइटची, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशींची, आहे, आणि आधीच्या चार महिन्यांत ती एकदाही झाली नव्हती. ती आता केली: १.१ टक्के. नुसते टक्के फसवतात, म्हणून त्याचा नेमका आकडा काढायचा. लाल पेशी २९ लाख प्रति मायक्रोलिटर, त्याचे १.१ टक्के म्हणजे सुमारे ३२,०००.

आठवड्याला किलोमागे ४०० युनिट ईपीओ मिळत असताना रक्त वाहून जात असते किंवा पेशी फुटत असत्या, तर मज्जेने एक लाखाच्या वर रेटिक्युलोसाइट बाहेर फेकले असते. ३२,००० म्हणजे कारखानाच थंड आहे. तरी तो बंद नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण यानेच एक भीतिदायक निदान बाजूला पडते: ईपीओविरुद्धच प्रतिपिंडे तयार होऊन मज्जेतल्या लाल पेशींचा वंशच नष्ट होणे, म्हणजे प्युअर रेड सेल ॲप्लेजिया. १९९८ नंतर काही वर्षे याचे रुग्ण अचानक वाढले होते. त्वचेखाली दिल्या जाणाऱ्या एका ईपीओ-उत्पादनात मानवी अल्ब्युमिनच्या जागी पॉलिसॉर्बेट ८० वापरल्यानंतर हे सुरू झाले, आणि भरून येणाऱ्या सिरिंजचे रबर, साठवण आणि त्वचेखालचा मार्ग यांवर लक्ष दिल्यावर ओसरले. त्यात हिमोग्लोबिन दर आठवड्याला अर्धा ते एक ग्रॅम पडते आणि रेटिक्युलोसाइट १०,००० च्या खाली जातात, तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक असतात. इथे घसरण महिन्याला ०.६ ग्रॅमच्या आसपास होती आणि रेटिक ३२,०००. प्रतिपिंडांची तपासणी मागवली नाही, तशी गरजच नव्हती.

पेशी फुटत नाहीत याचीही खात्री केली. एलडीएच, बिलिरुबिन आणि हॅप्टोग्लोबिन सामान्य आले. डायलिसिसच्या पाण्यातले क्लोरामाइन कार्बनच्या टाकीतून निसटले तर लाल पेशी जळतात. एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली हवे आणि ते प्रत्येक शिफ्टपूर्वी तपासायला हवे. पण पाणी बिघडले की एकाच रुग्णाचे हिमोग्लोबिन पडत नाही, सगळ्या शिफ्टचे पडते. इतरांचे तक्ते पाहिले. ते ठीक होते.

रक्त जाण्याचा एक छोटा हिशेब मात्र सापडला. दोन महिन्यांपूर्वी सुई काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला म्हणून हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) कमी केले होते आणि त्यानंतर डायलायझर, म्हणजे यंत्रातली गाळणी, दोनदा पूर्ण गोठला. एका वेळी नळ्या आणि डायलायझर मिळून सुमारे २०० मिलि रक्त. दोनदा ४०० मिलि. ९ ग्रॅमच्या हिमोग्लोबिनने त्यात ३६ ग्रॅम हिमोग्लोबिन गेले, आणि ग्रॅममागे ३.४ मिलिग्रॅम धरून १२२ मिलिग्रॅम लोह. ६० किलोच्या शरीरात साधारण ३.९ लिटर रक्त धरले तर हा ०.९ ग्रॅम प्रति डेसिलिटरचा फटका. घसरणीतला हा वाटा लहान नाही. पण मज्जा धडधाकट असती तर तिने तो काही आठवड्यांत भरून काढला असता. रेटिक ३२,००० असताना डायलायझरला दोष देऊन मोकळे होता येत नाही.

फेरिटिन ६४० आणि तरी लोह नाही

शीटवर तीन महिन्यांपूर्वीची एक ओळ होती: 'फेरिटिन ६४०, आयर्न बंद.' त्याच कागदावर दोन रकाने पुढे सीरम आयर्न ३४ आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची एकूण क्षमता) २०० लिहिलेले होते. ३४ भागिले २००, म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १७ टक्के. हा भागाकार कुणी केला नव्हता.

फेरिटिन लोहाचा साठा दाखवते, पण दाह असला की साठ्याशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे वाढते. सॅच्युरेशन सांगते की मज्जेच्या दाराशी आत्ता किती लोह पोहोचते आहे. फेरिटिन चढलेले आणि सॅच्युरेशन २० च्या खाली, ही जोडी दिसली की लोह शरीरात आहे पण कोंडलेले आहे, असे वाचायचे. कोंडणारा पहारेकरी म्हणजे यकृतातला हेप्सिडिन हा हॉर्मोन. शरीरात दाह असला की इंटरल्युकिन-६ मुळे हेप्सिडिन वाढते. ते पेशींवरचे लोह बाहेर सोडणारे दार, म्हणजे फेरोपोर्टिन, नष्ट करते. मग म्हाताऱ्या पेशी मोडून मिळालेले लोह मॅक्रोफेजच्या (जुन्या पेशी गिळणाऱ्या पेशी) पोटातच अडकते. मूत्रपिंड निकामी असले की हेप्सिडिनचा निचराही मंदावतो, म्हणजे दुहेरी मार.

खात्रीसाठी रेटिक्युलोसाइटमधील हिमोग्लोबिन मोजले. ते २६.५ पिकोग्रॅम आले. २९ च्या खाली असेल तर गेल्या तीन-चार दिवसांत बनलेल्या पेशींना लोह पुरले नाही. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, मात्र ८६, अगदी सामान्य. एमसीव्हीवर विसंबून कुणी 'लोहाची कमतरता नाही' म्हटले असते तर फसले असते, कारण त्यात तीन महिन्यांपूर्वी बनलेल्या पेशीही मोजल्या जातात.

मग लोह सुरू करायचे का? इथे घाई करू नये. २००७ च्या ड्राइव्ह चाचणीत फेरिटिन ५०० ते १,२०० आणि सॅच्युरेशन २५ किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांना आठ डायलिसिसमध्ये मिळून एक ग्रॅम लोह दिल्यावर हिमोग्लोबिन जास्त वाढले होते, त्यामुळे ६४० हा आकडा स्वतःहून लोहाला मनाई करत नाही. मनाई करणारी गोष्ट दुसरी होती. दाह दाखवणारे सीआरपी ३८ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि अल्ब्युमिन ३.९ वरून ३.२. अंगात कुठेतरी संसर्ग असेल तर शिरेतून दिलेले लोह जंतूंचेही अन्न होते, आणि सक्रिय संसर्ग असताना ते टाळावे असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. ठरले असे: दाहाचे मूळ दहा दिवसांत शोधायचे, तोवर लोह बंदच ठेवायचे आणि ईपीओही वाढवायचे नाही.

उरलेल्या कारणांवर रेंगाळण्यात अर्थ नव्हता. केटी/व्ही (डायलिसिस पुरेसे होते का याचे माप) १.४, पीटीएच (पॅराथायरॉइडचे हॉर्मोन) ३८०, बी-१२ आणि फोलेट ठीक, शौचात सुप्त रक्त नाही. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन. एसीई इनहिबिटर गटातली रक्तदाबाची औषधे ईपीओचा परिणाम कमी करू शकतात, पण बाई ती घेत नव्हत्या.

दंडातली जुनी नळी

दाहाचे मूळ शोधताना डोक्यापासून पायापर्यंत जायचे: दात, छाती, पायाची बोटे, कॅथेटर असेल तर त्याचे तोंड, निकामी झालेले जुने प्रत्यारोपित मूत्रपिंड असेल तर ते. बाईंना कॅथेटर नव्हते. उजव्या हातातला फिस्टुला छान चालत होता. डाव्या दंडात मात्र पीटीएफईचा एक ग्राफ्ट, म्हणजे डायलिसिससाठी बसवलेली कृत्रिम नळी, होता. तो १४ महिन्यांपूर्वी गोठून बंद पडला होता आणि तसाच सोडून दिला होता. ही नेहमीची पद्धत आहे. काढण्यासाठी शस्त्रक्रिया लागते आणि तो त्रास देत नव्हता.

बाही वर करून दंड उजेडात पाहिला. त्वचा लाल नाही, सूज नाही. ग्राफ्टची वाट बोटाने चाचपत गेले की ती कडक दोरीसारखी लागत होती, पण मध्यभागी दोन सेंटिमीटरच्या टप्प्यात ती मऊ होती आणि हाताच्या पाठीला बाजूच्या त्वचेपेक्षा किंचित उबदार लागली. जुन्या सुईच्या जागी मोहरीएवढी खपली होती. 'ही कधीपासून?' विचारल्यावर बाई म्हणाल्या, 'निघते आणि परत येते.' १४ महिने वापरात नसलेल्या नळीवर सुईची खपली परत परत येण्याचे काही कारण नाही.

सोनोग्राफीत त्याच टप्प्यात ग्राफ्टभोवती द्रवाचा पातळ थर दिसला. रक्ताचे दोन्ही कल्चर निगेटिव्ह होते, आणि ते तसेच अपेक्षित होते. गोठलेल्या नळीतून रक्त वाहतच नाही, म्हणून जंतू रक्तात सापडत नाहीत. त्याच कारणाने प्रतिजैविकही आत पोहोचत नाही. गुठळी जंतूंना घर देते आणि शरीर महिनोन्महिने धुमसत राहते. ताप नसतो, कारण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती तेवढी चिडत नाही. लेबल लावलेल्या पांढऱ्या पेशींच्या स्कॅनमध्ये दंडाचा तो टप्पा उजळला. त्यानंतर शंका उरली नाही.

ग्राफ्ट काढला. मधल्या भागाभोवती दाट पू होता आणि कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस वाढला. व्हॅन्कोमायसिन डायलिसिसच्या वेळापत्रकाला जोडून, रक्तातली पातळी पाहत दिले.

या टप्प्यावर एक मोहही होता, तो नोंदवायला हवा. एचआयएफ टिकवून धरणाऱ्या गोळ्या आता काही देशांत उपलब्ध आहेत. त्या शरीराचे स्वतःचे ईपीओ वाढवतात आणि लोहाची वाटही काहीशी मोकळी करतात. इंजेक्शन थांबवून गोळी सुरू केली असती तर हिमोग्लोबिन कदाचित वाढलेही असते. आणि दंडातला पू तसाच राहिला असता. ईपीओला दाद न मिळणे ही इथे रोगाची खबर होती. ती खबर बंद करण्याआधी ती कुठून येते हे पाहणे भाग होते.

रक्त चढवायचे का

शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ७.६. रक्ताची पिशवी मागवणे सोपे होते. पण प्रतीक्षायादीतल्या रुग्णाला दिलेले प्रत्येक रक्त परक्या एचएलए प्रतिजनांविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणा) प्रतिपिंडे घडवू शकते, आणि मग जुळणारे मूत्रपिंड मिळणे अवघड होत जाते. ज्या स्त्रीची बाळंतपणे झाली आहेत तिच्यात हा धोका अधिक. बाईंची दोन बाळंतपणे झालेली होती. छातीत दुखत नव्हते, बसल्या जागी धाप नव्हती, ईसीजी बदललेला नव्हता. सीमा आधीच लिहून ठेवली: हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेले, छातीत दुखले किंवा बसल्या जागी धाप लागली तर पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त, आणि तेही एकच पिशवी. ती वेळ आली नाही. हेपरिन पुन्हा पूर्ववत केले आणि रक्ततपासण्यांसाठी लहान मुलांच्या नळ्या वापरल्या. थेंबाथेंबाची बचत अशा वेळी खरोखर मोजण्याजोगी असते.

कारण गेले, आता डोस जास्त होतो

शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी सीआरपी ९, फेरिटिन ४१०, सॅच्युरेशन १९. दाह ओसरला होता आणि जखम स्वच्छ होती. आता लोहाचा हिशेब. ७.६ वरून ११ वर जायचे म्हणजे ३.४ ग्रॅमची वाढ, ३९ डेसिलिटर रक्तात १३३ ग्रॅम हिमोग्लोबिन, आणि त्यासाठी सुमारे ४५० मिलिग्रॅम लोह. कोंडलेले लोह काही प्रमाणात सुटेल, पण त्यावर भिस्त ठेवून थांबण्यासारखे सॅच्युरेशन नव्हते, शिवाय डायलिसिसमध्ये वर्षाला एक ते तीन ग्रॅम लोह गळतच असते. आयर्न सुक्रोज १०० मिलिग्रॅम, लागोपाठच्या दहा डायलिसिसमध्ये. शेवटच्या डोसनंतर एक आठवडा थांबून तपासले तेव्हा फेरिटिन ५२०, सॅच्युरेशन २८. आधी तपासले असते तर नुकत्याच दिलेल्या लोहाने आकडे फुगलेले दिसले असते.

ईपीओ २४,००० वरच ठेवले होते. इथून पुढचे सहा आठवडे या प्रकरणातले सर्वांत जोखमीचे, आणि त्यांकडेच सहसा दुर्लक्ष होते, कारण सगळे खुशीत असतात. अडथळा असताना जो डोस अपुरा होता, तोच अडथळा गेल्यावर भरमसाट ठरतो. शिवाय मज्जेचे उत्तर उशिरा येते. रेटिक्युलोसाइट आठवडा-दहा दिवसांत चढतात, हिमोग्लोबिन दोन-तीन आठवड्यांत हलते, आणि डोस बदलल्यावर ते नव्या पातळीला स्थिरावायला दोन ते तीन महिने जातात. आज दिसणारा आकडा गेल्या महिन्याच्या डोसचा असतो.

दुसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन ७.८ आणि रेटिक ९४,०००. तेव्हाच शीटवर लाल शाईने लिहिले: 'दर दोन आठवड्यांनी एचबी, दोन आठवड्यांत १ पेक्षा जास्त वाढ झाली की डोस २५ टक्के कमी.' चौथ्या आठवड्यात ८.७. सहाव्यात ९.९, म्हणजे १.२ ची वाढ. डोस १८,००० केला. आठव्यात १०.७, आणि रक्तदाब १४८/८६ वरून १६८/९४. ईपीओने रक्तदाब वाढतो तो केवळ रक्त घट्ट झाल्याने नव्हे, रक्तवाहिन्याही आकसतात. ड्राय वेट तपासले, ॲम्लोडिपिन वाढवले आणि ईपीओ १२,००० वर आणले. डोकेदुखी किंवा दिसण्यात धूसरपणा आला तर त्याच दिवशी फोन करा, असे बाईंना आणि घरच्यांना सांगितले, कारण असा झपाट्याने चढणारा रक्तदाब झटक्यांपर्यंत नेऊ शकतो.

बाराव्या आठवड्यात ११.६. केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या सूचनांप्रमाणे ११.५ च्या वर सहसा ठेवू नये, आणि १३ च्या वर तर जाणूनबुजून कधीच नेऊ नये. या मर्यादा मोठ्या किमतीने कळल्या आहेत. १९९८ मध्ये हृदयरोग असलेल्या १,२३३ डायलिसिस-रुग्णांत हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ४२ टक्क्यांपर्यंत नेण्याची चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. २००६ च्या कॉयर चाचणीत १३.५ चे लक्ष्य ११.३ पेक्षा घातक ठरले. २००९ मध्ये ४,०३८ मधुमेही मूत्रपिंडरुग्णांच्या ट्रीट चाचणीत डार्बेपोएटिन (जास्त काळ टिकणारे ईपीओ) घेणाऱ्यांत पक्षाघात जवळपास दुप्पट झाले. म्हणून ८.४ असताना २४,००० चे ३६,००० करणे हा निरुपद्रवी प्रयोग नव्हता. हिमोग्लोबिन न वाढताही मोठा डोस स्वतः अपाय करत असावा, अशी शंका या चाचण्यांच्या पुढच्या विश्लेषणांनी निर्माण केली आहे.

११.६ ला इंजेक्शन पूर्ण थांबवण्याचा सल्लाही चर्चेत आला. तो घेतला नाही. ईपीओ एकदम शून्यावर आले की कोवळ्या पेशी लवकर नष्ट होतात आणि हिमोग्लोबिन दोन महिन्यांनी पुन्हा ९ वर सापडते. मग पुन्हा डोस वाढतो, आणि झोका सुरू राहतो. २५ टक्के कमी करून आठवड्याला ९,००० केले.

सोळाव्या आठवड्यात ११.१, विसाव्यात १०.९. सीआरपी ४, अल्ब्युमिन ३.८. आठवड्याचा किलोमागचा डोस भागिले हिमोग्लोबिन, हा ईपीओ-प्रतिरोधाचा निर्देशांक काढला. आजारापूर्वी तो १८.५ होता, सर्वांत वाईट काळात ४७.६ झाला होता, आता १३.८. म्हणजे बाई 'स्थिर' समजल्या जात होत्या त्या वर्षातही दंडातली नळी थोडी धुमसत असावी. १०.८ वर टिकलेले हिमोग्लोबिन पाहून कुणी शंका घेतली नाही, कारण डोसकडे आणि हिमोग्लोबिनकडे एकत्र पाहिले जात नव्हते.

युनिटच्या मासिक तक्त्यात आता हिमोग्लोबिनच्या शेजारी तीन रकाने वाढवले आहेत: सॅच्युरेशन, सीआरपी आणि हा निर्देशांक. डोस वाढवण्याच्या प्रत्येक सूचनेखाली रेटिक्युलोसाइटचा आकडा भरल्याशिवाय सही होत नाही. जुने बंद ग्राफ्ट असलेल्या प्रत्येक रुग्णाची बाही महिन्यातून एकदा वर केली जाते. बाईंचे नाव प्रतीक्षायादीत पुन्हा सक्रिय झाले आहे आणि नव्या तपासणीत एचएलएविरुद्धची प्रतिपिंडे वाढलेली नाहीत.